‘मंकी आयलंड’ बिघडलाय? कंप्युटरवाल्याला फोन करण्याआधी हे बघा

इंदुरात आमचं रामबागेतलं घर, सुदामानगरची मावशी, राजेंद्रनगरचा चुलतभाऊ आणि या सगळ्यांची पोरं धरली, तर ‘द सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा गेम मी आजवर अकरा कंप्युटरांवर बसवून दिला आहे. त्यामुळे तो ‘बिघडला’ की फोन मलाच येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्याला दोन, दिवाळीत जरा जास्त. तीच ती उत्तरं फोनवर देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हा १९९० चा गेम, लुकासफिल्म गेम्सचा. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भोळसट पोरगा समुद्री चाचा व्हायला निघतो, एवढीच गोष्ट. मारामारी नावाला, बाकी सगळी कोडी आणि विनोद. इथे त्याची ओळख करून देताना जरा जपावं लागतं. “चाच्यांचा गेम आहे” म्हटलं की हिंदीवाला मित्र हमखास विचारतो, “किसके चाचा?”

आधी लक्षणं. तुमची तक्रार यात शोधा:

- दोनदा क्लिक केलं की विंडोज म्हणतं, हे ॲप या पीसीवर चालू शकत नाही.
- स्कमव्हीएमला (जुने गेम चालवणारा फुकट प्रोग्रॅम) फोल्डर दाखवलं, तरी त्यात गेम सापडला नाही असं तो सांगतो.
- गायब्रश चालायच्या ऐवजी पळत सुटतो, वाक्य वाचून होण्याआधीच नाहीसं होतं.
- माणसं बुटकी आणि पसरट दिसतात.
- चित्र एकदम जुनाट, ठोकळ्याठोकळ्यांचं झालं.
- बारीकसारीक आवाज येतात, पण संगीत नाही.
- गेम एका चाच्याचा चेहरा दाखवून साल विचारतो.
- ‘डिस्क २२ घाला’ असा निरोप येतो.
- गायब्रश कड्यावरून पडून मेला आणि गेम म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.
- सेव्ह केलेलं सगळं गायब.
- “चालूनच नाही राहिला.” म्हणजे नेमकं काय, ते सांगता येत नाही.

शेवटची तक्रार सगळ्यात जास्त येते. तिच्यावरचा इलाज एकच, आणि तो फुकट आहे: स्क्रीनचा फोटो काढा आणि त्यावर जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा. “काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद करून टाकलं” यावर जगातला कुठलाही मेकॅनिक काही करू शकत नाही.

पहिलं: गेम तुमची चेष्टा तर करत नाहीये?

हे आधी बघायचं, कारण याला शून्य पैसे आणि अर्धा मिनिट लागतं. शिवाय माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी मोठा वाटा याच खात्यात जातो.

डिस्क २२ चं प्रकरण असं. जंगलात एक झाडाचा बुंधा आहे. तो नीट बघितला की गायब्रशला खाली भुयारांचं जाळं दिसतं, तो आत शिरायला बघतो, आणि पडद्यावर मागणी येते: डिस्क २२ घाला. पुढे ३६, मग ११४. खरा गेम मोजक्याच फ्लॉप्यांवर यायचा, बाविसावी डिस्क जन्माला आलीच नव्हती. त्या काळच्या लठ्ठ गेमांमध्ये सारख्या फ्लॉप्या बदलाव्या लागायच्या, त्याची ही टिंगल. पुढे जायची कळ दाबत राहा. गायब्रश स्वतःच म्हणतो की खाली जाता येत नाही, तेवढा भाग सोडून देऊ. झालं, संपला बिघाड. पण १९९० मध्येही लोकांनी हे खरंच मानलं आणि कंपनीच्या मदतकेंद्राला इतके फोन केले की नंतरच्या सीडी आवृत्तीतून हा विनोद काढून टाकला. तेव्हा तुम्हीही फसला असाल तर लाजू नका, परंपरा मोठी आहे.

कड्याचंही तसंच. मंकी आयलंडवर कड्याच्या टोकाला गेलात की तो ढासळतो, गायब्रश खाली जातो आणि एक चौकट येते: चुकलात, आता पुन्हा सुरू करा, गेम सेव्ह केला असेल अशी आशा आहे. माझ्या भाच्याने इथे रडत रडत कंप्युटरचं बटण दाबून बंद केलं होतं, आणि तासाभराचा खेळ खरोखर घालवला होता. तीन सेकंद थांबला असता तर गायब्रश उसळी मारून परत वर आलेला दिसला असता. खाली रबराचं झाड आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या गेमांमध्ये पावलोपावली मरण असायचं, त्यांना मारलेला हा टोमणा.

या गेमबद्दल एक नियम पाठ करून ठेवा: पहिल्या बेटाचं नाव ‘मेले’ असलं तरी इथे कुणी मरत नाही. एक अपवाद आहे, तो पुढे येतोच.

दुसरं: गेम अडकलाय की तुम्ही?

कंप्युटर हँग झाला असेल तर माउसचा बाणही हलत नाही, संगीत थबकतं किंवा एकच सूर किरकिरत राहतो. बाण हलतोय, पाणी हलतंय, मागे समुद्री चाल वाजतेय आणि तरी ‘काही होत नाहीये’, तर ते कोडं आहे. त्याच्यासाठी ड्रायव्हर बदलून काही होणार नाही.

नेहमी अडकायच्या जागा दोन. पहिली तलवारबाजीची. इथे तलवार हाताने चालत नाही, जिभेने चालते. समोरचा टोमणा मारतो, तुम्हाला त्याला चपखल उत्तर द्यायचं असतं. गवळ्यावरून टोमणा आला तर उत्तर गाईवरून जातं, अशा जोड्या आहेत. सुरुवातीला तुमच्याकडे उत्तरं नसतातच, त्यामुळे हरणार. हरा. समोरच्याने मारलेला टोमणा तुमच्या यादीत जमा होतो, तो पुढच्यावर वापरला की त्याचं उत्तर ऐकायला मिळतं. वाटेतल्या दहाबारा जणांशी असं भांडून झाल्याशिवाय तलवारबाजीच्या उस्तादणीकडे जाऊ नका. तिचे टोमणे वेगळे असतात, पण उत्तरं तुम्ही गोळा केलेलीच बसवायची असतात. यादी कुठून तरी उतरवून घेतली तर अर्ध्या तासात सुटेल, पण मग गेममधला सगळ्यात रसाळ भाग गेला म्हणून समजा. मी पोरांना यादी देत नाही. वाईटपणा घेतो.

दुसरी जागा पाण्याखालची. राज्यपालबाईंच्या वाड्यातली मूर्ती मिळते, आणि लगेच गायब्रशला त्याच मूर्तीला बांधून समुद्रात फेकून देतात. आजूबाजूला सुऱ्या, तलवारी, दोर कापायला लागेल ते सगळं पडलेलं, पण प्रत्येक वस्तू हातभर लांब. दोर तितका पुरतच नाही. माझ्या चुलतभावाने इथे माउस खराब झाला समजून नवा माउस आणला होता. (उत्तर स्वतः शोधायचं असेल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) मूर्ती उचला. हो, ज्याला बांधलंय ते ओझंच उचलून खिशात घालायचं आणि चालत वर यायचं. गायब्रशला श्वास दहा मिनिटं रोखता येतो अशी फुशारकी तो आधीपासून मारत असतो. ती खरी आहे, आणि दहा मिनिटं नुसते बघत बसलात तर तो खरंच मरतो. मघाचा अपवाद तो हाच. मग पडद्याच्या खाली आज्ञा म्हणून लिहिलेल्या क्रियापदांच्या जागी तरंग, फूग, कूज असली क्रियापदं येतात. तेव्हाही गेम बिघडलेला नसतो.

तिसरं: नको ती कळ दाबली गेली का?

इथून आपण खरोखरच्या बिघाडांकडे येतो, पण अजूनही खर्च शून्य. हे स्कमव्हीएमवर खेळणाऱ्यांसाठी.

गायब्रश पळत सुटला असेल तर कुणीतरी कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलंय. तेच परत दाबा. नाही थांबला तर कंट्रोल आणि जी, तो त्याहून सुसाट वेग आहे. चालणं ठीक पण वाक्यं भराभर जातात, तर वजाची कळ दाबून मजकूर सावकाश करा, अधिकने उलट. सगळंच थिजलं असेल तर स्पेसबार. नाश्त्याच्या वेळी पोह्यांची बशी कीबोर्डवर टेकवली की हा पॉज हमखास लागतो. आमच्याकडे एकदा शेव निघाली स्पेसबारखालून.

माणसं बुटकी दिसत असतील तर कंट्रोल, ऑल्ट आणि ए. याचं कारण मजेशीर आहे. गेमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं. जुन्या चारास तीन पडद्यावर ते उभं ताणून पूर्ण बसायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका चौकोनी नसून किंचित उंच होता, आणि चित्रकारांनी तसं धरूनच माणसं काढली होती. आजचा पडदा ठिपके चौरस दाखवतो, म्हणून सगळे बसके. ही तीन बटणं तो ताण परत देतात.

आणि २००९ ची नव्या चित्रांची विशेष आवृत्ती खेळताना चित्र अचानक जुनं झालं, तर एफ१० दाबलं गेलंय. ग्राफिक्स कार्ड गेलं नाही. ती त्या आवृत्तीची सोय आहे, एका कळीने १९९० आणि २००९ मध्ये जा-ये करता येते. परत दाबा. लॅपटॉप असेल तर सोबत एफएनही दाबावं लागेल.

चौथं: तुमच्याकडे नेमकी कुठली आवृत्ती आहे?

हे विचारलं की लोक म्हणतात, “मंकी आयलंडच आहे ना, अजून कुठली असते?” असते. आणि पुढचे सगळे इलाज यावर अवलंबून आहेत, म्हणून एवढं बघाच.

पडद्याच्या खालच्या भागात गायब्रशकडच्या वस्तू कशा दिसतात? नुसती नावं लिहिलेली असतील आणि शेजारी बारा क्रियापदं असतील, तर ती फ्लॉपीची आवृत्ती. वस्तूंची छोटी चित्रं आणि नऊ क्रियापदं असतील, तर सीडीची. गुळगुळीत हाताने रंगवल्यासारखं चित्र आणि पात्रं तोंडाने बोलत असतील, तर २००९ ची.

चाच्याचा चेहरा दाखवून साल विचारण्याचा प्रकार जुन्या फ्लॉपी आवृत्तीचा. खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या यायच्या, एकावर एक बसवून मधोमध खिळवलेल्या. एका चकतीवर कपाळ-डोळे, दुसरीवर नाक-हनुवटी. फिरवून पडद्यावरचा चेहरा जुळवायचा, की भोकातून साल दिसायचं: हा चाचा जमैकात कधी फासावर गेला वगैरे. ही नकल रोखायची युक्ती होती. ती किती चालली ते सांगतो: १९९६ च्या सुमाराला आमच्या कॉलेजच्या टोळीत जी चकती फिरायची ती झेरॉक्स होती, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, मधे टाचणी. चाच्यांचा गेम आम्ही चाचेगिरीनेच मिळवला होता. आता मात्र स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन गेमदुकानांत तो रीतसर मिळतो, सेलमध्ये तर फार स्वस्त. तेव्हा ‘कुठून तरी उतरवलेली’ प्रत घेऊन माझ्याकडे येऊ नका. स्कमव्हीएमवर बहुतेक आवृत्त्यांत हा प्रश्न आपोआप टाळला जातो.

पाचवं: संगीत नाही

आधी यूट्यूबवर काहीही लावून बघा. तिथेही आवाज नाही, तर दोष गेमचा नाही. आवाज शेजारच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरवर जातोय का तेही बघा. मावशीकडे तो देवघरात वाजत होता.

यूट्यूब वाजतंय, गेममधले छोटे आवाजही येताहेत, फक्त संगीत नाही, आणि मघाच्या खुणेवरून आवृत्ती सीडीची निघाली, तर कारण मिळालं. त्या सीडीवर संगीत गेमच्या फाइलींमध्ये नव्हतंच. ते गाण्यांच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर होतं. तुम्ही फक्त फाइली कॉपी केल्या, गाणी सीडीवरच राहिली. सीडीवरून गाणी उतरवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने ते ट्रॅक एमपी३, ऑग किंवा फ्लॅकमध्ये काढा, प्रत्येकाला इंग्रजीत ‘ट्रॅक’ आणि त्याचा क्रमांक एवढंच नाव द्या, आणि गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवा. साउंड ड्रायव्हर पुन्हा बसवणं, स्पीकर बदलणं यातलं काही लागत नाही. एका दुकानात याच तक्रारीवर भाच्याच्या कंप्युटरचं अख्खं विंडोज नव्याने टाकून दिलं. पैसे गेले, सेव्ह गेले, संगीत आलं नाही.

सहावं: सुरूच होत नाही

‘या पीसीवर चालू शकत नाही’ याचा अर्थ सरळ आहे. जुना गेम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, १६ बिटचा. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. कंपॅटिबिलिटीचे सगळे पर्याय निवडून झाले तरी ते बदलत नाही, तेव्हा त्यात संध्याकाळ घालवू नका.

उपाय स्कमव्हीएम. २००१ पासून स्वयंसेवक ते बनवताहेत, फुकट आहे, आणि ते त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. नावातला ‘स्कम’ म्हणजे लुकासफिल्मच्याच ‘मॅनियाक मॅन्शन’ या १९८७ च्या गेमसाठी बनवलेली यंत्रणा, जिच्यावर मंकी आयलंडही उभा आहे. स्कमव्हीएम जुन्या कंप्युटरचं सोंग घेत नाही. ते गेमचा मूळ प्रोग्रॅम बाजूला ठेवून त्याच्या फाइली स्वतः वाचतं. म्हणून दोनदा क्लिक करायची ती ईएक्सई फाइल इथे लागतच नाही.

आता ‘गेम सापडला नाही’. दहापैकी नऊ वेळा फोल्डर झिपमध्येच असतं, किंवा फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर. झिप उघडा आणि ज्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष फाइली दिसतात तेच दाखवा. सीडीच्या आवृत्तीत मंकी.००० आणि मंकी.००१ अशा दोन फाइली हव्यात, २५६ रंगांच्या फ्लॉपी आवृत्तीत डिस्क०१.एलईसी पासून चार. नावं बदलू नका. एका उत्साही काकांनी ‘मंकी जुना.०००’ करून ठेवलं होतं.

सातवं: सेव्ह गायब

हा खरा जीवघेणा प्रकार, कारण लोक घाबरून आणखी घोळ घालतात. काही पुसू नका.

स्कमव्हीएम सेव्ह फाइलीला गेमच्या आयडीचं नाव देतं. आयडी ‘मंकी’ असेल तर फाइल मंकी.एस०१. तुम्ही काही कारणाने गेम यादीतून काढून परत जोडलात, किंवा दुसऱ्यांदा जोडलात, की त्याला ‘मंकी-१’ असा नवा आयडी मिळू शकतो. मग तो स्वतःच्या नावाचे सेव्ह शोधतो, आणि जुने तिथेच असून त्याला दिसत नाहीत. कुलूप तेच, पाटी बदललेली.

विंडोजवर यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात स्कमव्हीएम, त्यात सेव्ह केलेल्या गेमांचं फोल्डर असतं. ॲपडेटा लपवलेलं असतं, लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय आधी चालू करा. आत एस०१, एस०२ अशा शेपटीच्या फाइली दिसल्या की सुटकेचा श्वास घ्या आणि आधी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग जास्तीची नोंद यादीतून काढा, राहिलेल्या गेमच्या पर्यायांत जाऊन आयडी जुन्या फाइलींच्या नावाशी जुळवा. परत येतात. फ्लॉपी आवृत्तीचे सेव्ह सीडी आवृत्तीत मात्र चालवायला जाऊ नका.

इथे थांबा

गेम दर वेळी त्याच जागी कोसळत असेल तर तेच फोल्डर दुसऱ्या कंप्युटरवर नेऊन बघा. तिथेही त्याच जागी कोसळला, तर फाइल खराब आहे. दुरुस्तीच्या नादी न लागता गेम विकत घ्या. फक्त तुमच्याच कंप्युटरवर कोसळला, तर कंप्युटर तपासायला हवा.

पुढचं काहीही दिसलं तर गेम विसरा, मशीन बंद करा आणि जाणकार माणूस बोलवा: खेळताना कंप्युटर आपोआप बंद पडतो, निळा पडदा पुन्हा पुन्हा येतो, हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येते, जळका वास येतो, लॅपटॉपचं बूड फुगून तो टेबलावर डुगडुगतो. फुगलेली बॅटरी स्वतः उघडायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. टकटकणारी डिस्क परत परत चालू करून बघणं म्हणजे उरलेल्या डेटावरही पाणी सोडणं. जुन्या फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके असतील तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, फ्लॉपीही जाते आणि ड्राइव्हही.

मशीन चालू होत असेल तर दुकानात देण्याआधी ते सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. ‘विंडोज नवीन टाकू नका’ असं कागदावर लिहून वर चिकटवा, नुसतं तोंडी सांगितलेलं विसरतात.

मागच्या महिन्यात चुलतभावाचा कंप्युटर पंखा अडकून गरम होत होता, तो मीच जेल रोडवरच्या एका ओळखीच्या पोराकडे पाठवला. पंखा त्याने दोनशे रुपयांत साफ करून दिला. काम झाल्यावर नीट चालतोय का बघायला त्याने समोर दिसला तो गेम सुरू केला असणार, कारण संध्याकाळी त्याचा फोन आला: “भिया, बाकी सब ओके है. बस ये बाईस नंबर की डिस्क आपके पास रह गई क्या?”